चुगलखोर डबी

१७ नोव्हेंबर १९४६, रविवार. सांगली.

डबीची किंमत पावतीवर बारा आणे आहे. खरी किंमत लिहून ठेवतो. पुण्याला लष्करी भंगाराच्या लिलावात दोन दिवस उन्हात उभा राहिलो. येताना शिरवळच्या पुढं मोटार रस्त्यात थांबली, ड्रायव्हर बॉनेट उघडून देवाचं नाव घेत बसला, म्हणून मीच खाली घुसलो. नवं धोतर तेलात गेलं. दुकान तीन दिवस बंद. त्यात आप्पासोंचं पाण्याचं इंजिन माझ्या दारात उघडं पडलेलं आणि मळा तिकडं तहानलेला. त्यांनी माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली असं शेजारी सांगतात. शिवाय बायकोचा, धोंडुबाईचा, अबोला. तो किती दिवसांचा ते अजून कळायचं आहे, म्हणून तेवढी जागा मोकळी सोडतो.

एवढं करून आणलं काय, तर लिंबाएवढी पितळी डबी. तिच्या एका अंगाला नळी जोडायचं तोंड, दुसऱ्या अंगाला दोन तारा. विमानात पेट्रोलचा दाब कमी झाला की डबीतला पडदा सैल पडतो, तारा एकमेकींना भेटतात आणि समोर लाल दिवा लागतो. जावई म्हणाले, "मामा, ह्याच्याबिगर मी वर जाणार न्हाई."

मी म्हणालो, "पाव्हणं, इंजिन उपाशी हाय का न्हाई हे सांगाया दिवा कशाला? कान हायती की."

ते हसले. मी काही विनोद केला नव्हता. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत असं एक इंजिन नाही, ज्याची भूक मला रस्त्यावरून ऐकू येत नाही. हे मी शाईनं लिहितोय. कुणाला खोटं करून दाखवायचं असेल त्यानं दाखवावं.

२४ नोव्हेंबर

अबोला सुटला. सात दिवस. वरच्या मोकळ्या जागेत भरला.

सुटला तो असा. मी डबी पुसत बसलो होतो. धोंडुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, पंपानं कामात कुचराई केली की ही लगीच सांगती व्हय? म्हंजी चुगलखोरच म्हणायची." तेव्हापासून घरात तिचं नाव चुगलखोर.

जावयाची एक जाड वही आहे. विमानाच्या प्रत्येक खिळ्याची नोंद ठेवावी लागते म्हणे. त्यांचं बघून मी ही वही घेतली. तोंडावर मी त्यांना पाव्हणं म्हणतो, अहोजाहो करतो. इथून पुढं कागदावर कृष्णात म्हणणार. तो मला मुलासारखा वाटतो, पण जावयाला तोंडावर तसं म्हणायची आमच्यात रीत नाही.

कृष्णात आमच्या माण तालुक्यातलाच. दहिवडीच्या पुढं त्याच्या आज्याची मेंढरं आणि माझ्या बापाची मेंढरं एका पाणवठ्यावर भांडलेली आहेत. मी बाराव्या वर्षी मेंढरं सोडून सांगलीत मोटारी धुवायला लागलो. तो पंधराव्या वर्षी मुंबईला गिरणीत गेला, आणि लढाई लागल्यावर विमानदळात फिटर. ब्रह्मदेशात विमानं दुरुस्त करायचा. तिथल्या एका साहेबानं त्याला शेजारी बसवून चालवायलाही शिकवलं. परत आलेल्या लोकांनी मिळालेल्या पैशात घरं बांधली, विहिरी पाडल्या. यानं मुंबईला जाऊन विमान चालवायचा परवाना काढला. आणि आता माझ्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विमान बांधतोय. इंजिन एका पडलेल्या लष्करी विमानाचं, चार सिलिंडरचं. लाकूड लष्कराच्या खोक्यांचं. नकाशा परदेशी मासिकातला. दोन माणसं बसतील, एकामागं एक.

परवानगीचा अर्ज दिल्लीला गेलाय. "अर्ज पोचला" एवढं उत्तर आलं. कृष्णात म्हणतो, पोचला म्हणजे निम्मं काम झालं.

मनू माझी एकुलती एक. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली तीन तिनं टपालवाल्याची वाट बघण्यात घालवली. ती विमानाबद्दल काही बोलत नाही. चुगलखोर बसवल्याशिवाय उडणार नाही, हे वचन कृष्णातनं मला दिलं असं मी समजत होतो. ते तिला दिलेलं आहे, हे आज कळलं.

८ डिसेंबर

शेडमध्ये पंख मावेनात. शेजारच्या चंद्राबाईंनी त्यांचं हळदीचं रिकामं गोदाम दिलं. धोंडुबाई आणि मनू दोघींनी पंखांवर मांजरपाट ताणून शिवला, वर कृष्णातनं वासाचं औषध फासलं, त्यानं कापड ढोलकीसारखं ताठ होतं. पण गोदामातली हळद कुठं जाते! सुकायच्या आत सगळे पंख पिवळे. कृष्णात कपाळाला हात लावून उभा राहिला.

धोंडुबाई म्हणाली, "बिरोबाचा भंडारा हाय त्यो. पुसशीला तर बघा."

"आत्याबाई, भंडाऱ्याचं वजन किती धरू?"

"द्येवाचं वजन करत्यात व्हय?"

त्यानं वहीत 'हळद, अंदाजे पाव शेर' असं लिहिलं. मी पाहिलं.

डबीची तांब्याची नळी मी बसवली. जोडावर सुतळी गुंडाळून सफेदा लावायला निघालो, जन्मभर पंपांना लावत आलोय तसा. कृष्णातनं हात धरला. "मामा, पाण्याला चालतंय ह्ये. पेट्रोल सफेदा खाऊन टाकतं, मग सुतळीचा धागा पुढं सरकून भोकात बसतो." मी मुकाट सुतळी काढली. नळीचं तोंड फुलवून नुसत्या नटनं आवळलं. तीस वर्षांनी कुणीतरी माझा हात धरला. राग यायला हवा होता.

२२ डिसेंबर

आज इंजिन पहिल्यांदा चाललं. शेपूट बाभळीला बांधलं, चाकांना धोंडे लावले. पंखा फिरला आणि चंद्राबाईंच्या कोंबड्या पार गणपतीच्या देवळापर्यंत गेल्या.

लालासाहेब घोडागाडी घेऊन आले होते. नदीकाठी शंभर एकर ऊस, भाऊ फौजेत सुभेदार, आणि विट्याच्या वाटेवर सपाट लांबलचक मुरमाड माळ. तो माळ त्यांनी विमानाला दिलाय, एका अटीवर: दुसऱ्या जागेवर पहिल्यांदा बसायचा मान त्यांचा. मान मागणारा मागतोच. माळ माझा असता तर मीही मागितला असता. माझा नाही.

त्यांनीच पैज लावली. "मिस्त्री, तुमचा कान का जावयाचा दिवा? आधी कोण सांगतंय बघू. हरंल त्यानं फेटा द्यायचा."

मी इंजिनाकडं पाठ करून उभा राहिलो. कृष्णातनं मनाला येईल तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद करायचा. उभा आहे, उभा आहे. इंजिन मजेत. मग त्या गडगडाटाच्या खाली पंपाची टकटक जरा कोरडी झाली, ओल्या ढोलाची दोरी सुटावी तशी. मी हात वर केला. हात पूर्ण वर गेल्यावर दिवा लागला. लोक ओरडले. इंजिन त्यानंतर चार श्वासांनी खोकलं.

कृष्णातनं डोक्याचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "मामा, जमिनीवर तुमी दिव्याचं बाप हायसा." 'जमिनीवर' कशाला म्हणाला कोण जाणे.

२३ डिसेंबर

जिंकलो खरा, पण मन खाऊ लागलं. दिवा माझ्या मागं का राहिला? माझ्या पोरीचा नवरा त्या दिव्याच्या भरवशावर वर जाणार आहे.

दुपारी तो टपालात गेला तेव्हा मी जोड उघडला. आत पितळेचा तुकडा, त्याला भोक इतकं बारीक की सुईसुद्धा अडेल. गोम हीच. इंजिनात कुठंही वाट अरुंद झाली की ती मोकळी करायची, यावर मी तीस वर्षं भाकरी खाल्लेली आहे. लढाईच्या घाईत कुणीतरी अर्धवट पाडलेलं भोक असणार. गिरमिट लावून ते चांगलं ज्वारीच्या दाण्याएवढं केलं, कचरा फुंकला, पुन्हा बसवलं. इंजिन लावून पाहिलं. कॉक फिरवला की दिवा लखकन.

कृष्णातला सांगितलं नाही. जावयाच्या चुका दाखवत फिरणारा सासरा मला व्हायचं नाही. गुपचूप नीट करून ठेवावं, आपलं समाधान आपल्यापाशी.

१४ जानेवारी १९४७, संक्रांत

तिळगूळ झाला. विमानाला चाकं, शेपूट, पंख सगळं लागलं. पिवळं धमक दिसतं, देवळातून निघाल्यासारखं.

आज कृष्णातनं मला हळदीच्या काट्यावर उभं केलं. काटा बरोबर आहे का बघायचाय म्हणाला. पावणेदोन मण भरलो. मग त्यानं तेवढ्याच वजनाचं वाळूचं पोतं भरून पुढच्या जागेवर ठेवलं आणि विमान टेकूवर तोलून वहीत काय काय लिहिलं. मी म्हटलं, "पाव्हणं, लालासाहेब अडीच मणाला कमी न्हाईत. पावणेदोन मणाच्या पोत्यावर तोलून काय उपेग?"

"बघू की, मामा."

मनू तोंडाला पदर लावून आत गेली. काळजी वाटत असणार बिचारीला. पण कामात आहे हे बरं. कानावर येणारी चामड्याची टोपी शिवतेय. माप कुणाचं घ्यायचं कळेना म्हणून माझ्याच डोक्याचं घेतलं. लालासाहेबांचं डोकं मोठं आहे, ती टोपी त्यांना बसायची नाही. सांगितलं तिला. "बरं आबा," म्हणाली आणि माप तेच ठेवलं.

हातपंपाला दोन दांडे आहेत, एक मागं कृष्णातपाशी, एक पुढच्या जागेवर. दिवा लागला की दांडा मारायचा, पेट्रोल हातानं चढतं. लालासाहेबांनी जन्मात स्वतःच्या हातानं तांब्या भरलेला नाही. पण माळ त्यांचा.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी माळावर तीन-चारशे माणूस. लालासाहेबांनी बँड आणला होता. नारळ फुटला. धोंडुबाईनं पंखाला हळदीकुंकू लावलं. हळद दिसली नाही, कुंकू दिसलं. आज कृष्णात एकटाच जाणार होता. मनू मोटारीच्या सावलीत बसली होती आणि हातातला रुमाल घडी करून मोडत होती.

मी चाळीस पावलांवर चाकाचे धोंडे काढत होतो. कृष्णात लालासाहेबांना आतली यंत्रं दाखवत होता. बँड चालू, लोकांचा कल्ला. तरीही प्रत्येक शब्द मला ऐकू आला. माझे कान असेच आहेत, नको तेव्हाही चालतात.

"आन ह्यो पितळंचा जोड," कृष्णात म्हणत होता, "ह्यातच सगळी मेख हाय. भोक मुद्दाम सतारीच्या तारंएवढं ठेवलंय. दाब जायला तेवढं बास हुतं. पर उद्या ही तांब्याची नळी हादऱ्यानं तुटली, तर मांडीवर थेंब थेंब पडंल. भोक मोठं असतं तर धार लागली आसती. खाली गरम इंजिन. मग माणूस हाय का न्हाई सांगाया कोण उरत न्हाई."

हातातला धोंडा माझ्या पायावर पडला. अंगठ्याचं नख गेलं आहे.

सांगायला पाहिजे होतं. चार शब्द होते. तोंड उघडलंही. समोर तीन-चारशे माणूस, त्यातल्या निम्म्यांच्या मळ्यातली इंजिनं माझ्या शब्दावर चालतात. आणि माझ्या डोक्यावर त्याच पैजेचा फेटा.

मी ओरडलो, "थांबा! मॅग्नेटोचा आवाज मला बरा वाटत न्हाई."

ठिणगी देणारा मॅग्नेटो फिरायला इंजिन तोवर सुरूही झालेलं नव्हतं. सकाळी तापवताना ऐकलं असं मी सांगितलं. एकानंही शंका घेतली नाही. लालासाहेब लोकांना म्हणाले, "मिस्त्रींचा कान हाय गड्या त्यो. घरला चला." बँडवाल्यांनी पेट्या बांधल्या. कृष्णात माझ्याकडं बघत खाली उतरला. "बरं मामा. मॅग्नेटो तर मॅग्नेटो."

माझ्या कानाच्या नावावर मी आजवर एवढं मोठं खोटं कधी खपवलं नव्हतं. कारण कधी कुणी तपासलंच नाही.

२८ जानेवारी

कृष्णातनं कालपासून मॅग्नेटो सुटा करून फडक्यावर मांडलाय. पुसतो, जोडतो, परत उघडतो. गुणगुणतोय. राग नाही, चिडचिड नाही. आज तिसऱ्यांदा विचारलं, "मामा, मॅग्नेटोच नक्की? आजून काय ऐकू येतंय का?"

"मॅग्नेटोच."

"आसंल. सावकाश आठवा. मला घाई न्हाई."

तो दिसत नसताना गुपचूप तुकडा बदलून टाकावा असं दोनदा ठरवलं. तो शेडमधून हलायला तयार नाही. जेवणसुद्धा तिथंच मागवतो.

२९ जानेवारी

भाकरी गेली नाही.

धोंडुबाई म्हणाली, "आवं, मॅग्नेटो त्येंनी उघडलाय, आन सुकताय तुमी?"

"नख दुखतंय."

"नखाचं दुखणं तोंडावर दिसत न्हाई."

मनू ताटं उचलायला आली. तिनं माझ्या ताटातली अर्धी भाकरी पाहिली आणि म्हणाली, "आबा, बरं झालं तुमी ऐकलं. तुमचं कान हायती म्हणून मी त्येंना जाऊ देतीया. डबीबिबी मला काय कळत न्हाई."

मग मी मागच्या दारी जाऊन उगाच सरपण फोडलं.

३० जानेवारी

सांगितलं.

सकाळी शेडमध्ये गेलो. बोलायचं सगळं ठरवून गेलो होतो, त्यातलं काही आलं नाही. म्हणालो, "कृष्णात, मॅग्नेटो चांगला हाय. भोक मी मोठं केलंय. संक्रांतीच्या आधीच. माळावर लाज वाटली म्हणून खोटं बोललो." तोंडावर पाव्हणं म्हणायचं राहून गेलं ते आता लिहिताना लक्षात येतंय.

त्यानं पाना खाली ठेवला. मग फडक्यावर हात पुसले आणि म्हणाला, "दिवा उशिरा लागला म्हणून केलं न्हवं?"

"व्हय."

"मग त्यात माझी बी चूक हाय. भोक कशाला हाय त्ये तुमाला सांगायचं राहिलं. सुतळीचं सांगितलं, ह्ये न्हाई." आणि मॅग्नेटो फडक्यात गुंडाळत, "माळावर तुमी मला थांबवलं. कसं थांबवलं त्ये जाऊ द्या."

पाना घेऊन जोड उघडायला गेलो तर नट नुसत्या बोटानं फिरला. मी चांगला आवळलेला होता. इंजिनाच्या हादऱ्यानं सैल झाला असणार. तेही वहीत लिहायला सांगितलं. कृष्णातनं "लिवतो" म्हणून मान खाली घातली. भोक किती बारीक हवं हे दाखवायला त्यानं खिशातून सतारीच्या तारेचा तुकडा काढला. पोरं खिशात काय काय ठेवतात.

मनूला मीच सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही. माझ्या ताटात दोन भाकऱ्या वाढल्या.

१ फेब्रुवारी

मिरजेला गेलो. एवढं बारीक भोक पाडणारं हत्यार माझ्या दुकानात नाही, सांगलीत कुणाकडं नाही. दस्तगीरभाई सतारी बनवतात. आजा तलवारींना धार लावायचा, नातू तारा जुळवतो. पाय पसरून भोपळ्याच्या राशीत बसले होते.

नवा पितळी तुकडा हातात देऊन मी म्हटलं, "ह्यातनं ही तार जाईल एवढंच भोक पाडायचं. केसाएवढंही मोठं न्हाई."

"कुठल्या वाद्याचं?"

"विमानाचं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "मिस्त्री, सूर काय लावायचा त्याला?"

"गप बसायचा."

धनुकलीच्या गिरमिटानं, मांडीवर धरून, अर्धा तास लागला. मधे तुकडा कानाशी नेऊन गिरमिट फिरवायचे आणि ऐकायचे. पितळ किती उरलंय ते आवाजावरून कळतं म्हणाले. मी कान दिला. मला काही कळलं नाही, पण मान डोलावली. पैसे घेतले नाहीत. "उडालं तर मला सांगा, पडलं तर सांगू नका."

९ फेब्रुवारी

नवा तुकडा बसवून आज दोन तास इंजिन पळवलं, शेपूट बाभळीलाच बांधून. शेवटी उघडून पाहिलं तर तांब्याची नळी नटाच्या तोंडाशी चिरलेली. मीच फुलवलेलं तोंड. जास्त ठोकलं होतं, तांबं कडक झालं.

पुढच्या जागेवर, मांडी असते तिथं, पेट्रोलचा डाग होता. रुपयाएवढा.

आम्ही दोघं त्या डागाकडं बघत उभे होतो. नळीतून अजून थेंब पडत होता, एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा. मी ज्वारीचा दाणा मनात धरून हिशेब करायला गेलो आणि सोडून दिला.  कृष्णातनं फडकं माझ्या हातात दिलं, डाग मी पुसला.

नवी नळी घेतली. आच देऊन मऊ केली, हलक्या हातानं फुलवली, मधे एक वेटोळं ठेवलं म्हणजे हादरा त्यात जिरेल. वेटोळ्याची कल्पना कृष्णातची, हात माझा.

१६ फेब्रुवारी

कृष्णात उडाला.

बँड नव्हता. आम्ही घरची माणसं, लालासाहेब आणि चंद्राबाई. विमान माळावरून पळालं, आणि एका ठिकाणी चाकाखालची धूळ थांबली. बस, एवढंच दिसलं. मग पिवळे पंख उन्हात वळले. मनू उभी राहिली, तिचा रुमाल कुठंतरी पडला. धोंडुबाई हात जोडून पुटपुटत होती आणि मी ऐकत होतो. सगळा वेळ ऐकत होतो. अकरा मिनिटं. इंजिन एकदाही चुकलं नाही.

उतरल्यावर मनूनं त्याला पहिलं काय विचारलं असेल? "दिवा लागला का?"

"न्हाई लागला."

"मग ठीक हाय," म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

२३ फेब्रुवारी, रविवार



सकाळी माळावर मी लालासाहेबांसाठी शिडी लावली. म्हटलं, "चला सरकार, मान तुमचा."

लालासाहेब मागं सरले. "मी? अडीच मण? ह्या मांजरपाटात? मिस्त्री, मला लेकरंबाळं हायती. मी तर संक्रांतीच्या आधीच जावयाला सांगितलंय, माझा मान तुमच्या सासऱ्याला द्या म्हणून. त्यो म्हणला, त्येंनाच बसवायचं हाय पहिल्यापासनं."

मी कृष्णातकडं पाहिलं. तो पंखावरची नसलेली धूळ पुसत होता. मनूनं टोपी आणून माझ्या डोक्यावर घातली. बरोबर बसली. धोंडुबाई म्हणाली, "आवं, येवढं ऐकू येतंय तुमाला, आन घरातलं एक ऐकू आलं न्हाई." सगळे हसले, मी सोडून. मी टोपीचे बंद बांधायला घेतले.

वर गेल्यावर कृष्णा दिसली, तिच्यात येऊन मिळणारी वारणा दिसली, हरिपूरचं देऊळ सुपारीएवढं दिसलं. ज्या रस्त्यावर मी बादली घेऊन मोटारी धुवायचो तो रस्ता दिसला. वाटलं, बापाला दाखवायला पाहिजे होतं. मेंढरं वरून कशी दिसत असतील हे त्याला कधी सुचलंही नसेल. वारा टोपीवर थडाथड आपटत होता. त्यातूनही मी इंजिनाला कान लावून होतो. काय सुरेल चाललं होतं! मी मागं वळून कृष्णातला हातानं सांगितलंही, झकास म्हणून.

त्यानं माझ्या खांद्यावर दोनदा थापटलं आणि बोटानं पुढं दाखवलं.

लाल दिवा लागलेला होता. केव्हापासून, मला माहीत नाही.

मी दांडा धरला. मागं त्याचा हात, पुढं माझा, दोघांनी मिळून मारला. दिवा विझला. नदीच्या वळणावर पुन्हा लागला, पुन्हा मारला. मग उतरेपर्यंत मी दांडा सोडलाच नाही. खाली आल्यावर उघडून पाहिलं तर इंजिनावरच्या पंपाचा पडदा फाटलेला होता.

माळावर लोक जमले. आप्पासो पुढं आले, त्यांचं इंजिन आता नीट चालतं म्हणून प्रेमात होते. "काय मिस्त्री, वर बी कानानंच वळखलं न्हवं?"

मी तोंड उघडायच्या आत कृष्णात म्हणाला, "मामांनी पंप मारला म्हणून उतरलो."

हे खरं आहे. फेटा मात्र मी घरी आल्यावर त्याला परत केला. घेत नव्हता, धोंडुबाईनं घ्यायला लावला.

दिवा दोनदा लागला. दोन्ही वेळा मला इंजिन पोटभर जेवल्यासारखं ऐकू येत होतं.